धुराची पेटी

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी आईच्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि आम्हाला समजेल अशा शब्दांत सांगितलं, "या मावशींनी जन्मात बिडी ओढली नसेल, पण चूल ओढली आहे. यापुढे धूर अजिबात नको. उदबत्तीसुद्धा नको." मग एक्स-रे पाकिटात सरकवत ते म्हणाले, "आणि वजन वाढलं पाहिजे. पोटात अन्न गेलं नाही तर माझ्या गोळ्या एकट्या काही करणार नाहीत."

पहिली गोष्ट सोपी होती. देवापुढची उदबत्ती बंद झाली. डासांची कॉइल गेली, मच्छरदाणी आली. फोडणी करताना मी स्वयंपाकघराचं दार लावून घेऊ लागले. दुसरी गोष्ट मात्र काही केल्या जमेना. आई जेवायला बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची, तो कालवणात बुडवायची आणि तसाच ताटात ठेवून द्यायची. गोळ्यांनी तोंडाची चव पार गेली होती. "भुसा चावल्यागत लागतंय गं," एवढंच म्हणायची. अंडी झाली, पायाचं सूप झालं, गल्लीतल्या काकूंनी पाठवलेली शेवयांची खीर झाली. सगळ्याचं तेच. ब्लाउजच्या बाह्या तिच्या दंडावर झोळीसारख्या लोंबायला लागल्या होत्या.

मी राहुरीजवळच्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली. आईच्या आजारपणासाठी मी रजा टाकून नागापूरला घरीच राहिले होते. माझ्या शिक्षणापायी आई-वडिलांनी काय काय सोसलं ते मला ठाऊक होतं, म्हणून ते न खाल्लेलं ताट उचलून नेताना फार जड वाटायचं.

एके दुपारी आई खाटेवर बसून तिच्या फुंकणीशी झटत होती. दवाखान्यातून ते प्लॅस्टिकचं यंत्र देतात, त्यात तीन नळ्यांत तीन गोळे असतात आणि नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की ते वर चढतात. आईचा एकच गोळा चढायचा, दुसरा नुसता हलायचा. ते खाली ठेवून दम खात ती भिंतीकडे बघत म्हणाली, "धुरावरचं मासं असतं, तर खाल्लं असतं."

ती कोणाला उद्देशून बोलली नव्हती. पण दादा, म्हणजे माझे वडील, दाराशी पेपर वाचत बसले होते आणि त्यांच्या हातातलं पान उलटायचं थांबलं.

माझी आई राजूरच्या वरच्या डोंगरातली. तिच्या माहेरी पावसाळ्यात ओढ्यानदीचे मासे पकडून चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर पसरून ठेवत. चूल दिवसभर धुमसायची आणि महिनाभरात ते मासे काळे, कडक, लाकडासारखे होऊन जायचे. मग भाताच्या आवणीत, भाजीपाला नसला की त्यातले मूठभर काढून मिरचीबरोबर ठेचायचे आणि नाचणीच्या भाकरीवर घ्यायचे. लहानपणी सुट्टीत गेले की मीही खाल्ले आहेत. तोंडात घातलं की आधी कडू लागायचं, मग खारट, आणि मग कितीतरी वेळ जिभेवर जंगल रेंगाळत राहायचं.

मी मामाला फोन केला. मामा हसला. "आता कोन करतंय ते? घरावर सलॅब पडला, गॅस आला. चूल हाय ती मागं, आंघोळीच्या पान्यापुरती. बाजारात सुकट मिळंल, ती धाडू का?"

"सुकट नको म्हन त्याला," आई खाटेवरून म्हणाली. "सुकट उन्हाची असती."

तर असा पेच होता. जगात तिला एकच वस्तू खावीशी वाटत होती, ती धुराची होती, आणि धूर तिच्या छातीला चालत नव्हता.

 तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना दादा मला म्हणाले, "ताई, धूर येकीकडं आन मानूस येकीकडं, आसं ठिवता आलं पायजे."

"म्हणजे कसं?"

"म्हंजे पेटी करायची. बंद पेटी. धूर तिच्यातच राहील. मासं आत, आपुन भायेर."

दादांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात गेली. ते वेल्डर. दुधाच्या टाक्या, तेलाच्या टाक्या, हवेच्या दाबाच्या टाक्या. टाकी झाली की तिच्यात हवा भरायची आणि प्रत्येक सांध्यावर ब्रशने साबणाचं पाणी फासायचं. कुठे एक बुडबुडा आला की ती टाकी नापास आणि ते काम ज्याचं असेल त्याचा दिवस वाईट. दादांच्या टाकीला बुडबुडा आल्याचं मी कधी ऐकलं नाही. निवृत्त झाल्यावरही त्यांची नजर गळतीवरच असायची. आमच्या घरातला नळ कधी ठिबकला नाही. पावसाळ्यात खिडकीच्या फटीतून थेंब आला, तर तो कुठून आला हे सापडेपर्यंत ते जेवायला बसत नसत.

त्याच दिवशी आम्ही दोघं भंगाराच्या दुकानात गेलो. मी तोवर भंगाराच्या दुकानाबाहेरून कितीदा गेले असेन, पण आत पाय ठेवला नव्हता. पत्र्याच्या कुंपणाआड एवढं लोखंड पाहून मी उभीच राहिले. कूलर, सायकली, हॉटेलातल्या भट्ट्या, टेम्पोचे दरवाजे, एका शाळेचे बाक. कितीतरी घरांतून निघालेल्या वस्तू एकमेकींवर रचलेल्या होत्या आणि दादा त्यांच्यातून भाजीमंडईत फिरावं तसे फिरत होते. बोटाच्या पेराने टकटक करायचे, आवाज ऐकायचे आणि पुढे जायचे. खाद्यतेलाचा एक मोठा ड्रम त्यांनी असाच आवाजावरून निवडला. रंगाचा किंवा औषधाचा ड्रम त्यांना नको होता. "खायाची वस्तू ठिवायची हाय," ते दुकानदाराला म्हणाले.

मी एक चकचकीत पाइप उचलून दाखवला, चिमणीसाठी. दादांनी मान हलवली. "त्याच्यावर जस्त हाय. तापला का इखारी वाफ सोडतो. साधा बघ." मग बोअरवेलचा एक साधा लोखंडी पाइप मिळाला. गंजलेला होता, पण जाड होता. एका वॉशिंग मशीनचा आतला स्टीलचा ड्रम, भोकाभोकांचा, कोळसा ठेवायला घेतला. गेटच्या बिजागऱ्या घेतल्या. बाकाचे लोखंडी अँगल पायांसाठी घेतले. मासे ठेवायच्या जाळ्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला, तो घरी आल्यावर आईनेच सोडवला. भिंतीवरची स्टीलची मांडणी, जिच्यावर एके काळी सगळी ताटं-वाट्या उभ्या असायच्या, ती ट्रॉल्या बसवल्यापासून माळ्यावर पडली होती. "ती कापा की," आई म्हणाली. "मी काय आता तिच्यावर पातेली लावायला बसलेय?" दादांना ती कापवेना. चांगली वस्तू होती. पण कापली.

घरामागच्या जागेत काम सुरू झालं. ड्रम आधी रिकामाच आतून जाळून काढला, मग आतला रंग आणि तेलाचा थर घासून घासून पत्रा उघडा केला. तो जाळायच्या दिवशी आई गल्लीतल्या त्या काकूंकडे, चार घरं पलीकडे होती. वेल्डिंगही दादांनी ओळखीच्या वर्कशॉपात नेऊन केलं, घरी नाही. घरी फक्त जुळवाजुळव. मी पाना धरायचे, अँगल सरळ धरायचे, खडूने खुणा करायचे.  ते नुसतं बोट दाखवायचे आणि मला कळायचं. माझ्या लहानपणी ते पहिल्या पाळीला जायचे तेव्हा मी झोपलेली असायचे, आणि ओव्हरटाइम करून यायचे तेव्हाही. त्यांना काम करताना मी कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहत होते. हातात लोखंड आलं की या माणसाचं सगळं शरीर शांत व्हायचं.

ड्रमला पाइप लागला तशी गल्लीत चर्चा सुरू झाली. शेजारचे काका कुंपणावरून डोकावले.

"काय हो, हातभट्टी टाकता का काय?"

"व्हय," दादा मान वर न करता म्हणाले. "पयली धार तुमालाच."

"आन पोलीस आले म्हंजे?"

"त्यानला दुसरी."

काका खूश होऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत चौघांना सांगून आले. मग जो तो बघायला यायला लागला. आई खिडकीत बसून प्रत्येकाला तेच सांगायची, "माज्यासाठी मासं भाजायला रॉकेट बनवत्यात." ती हे सांगताना हसायची, आणि मी ते हसू मोजत नसले तरी ते येत होतं एवढं पाहत होते.

पेटी तयार झाली. वर उघडणारं झाकण, झाकणाच्या कडेला भट्टीच्या दाराला लावतात तशी जाड दोरी दाबून बसवलेली, चिमणीला वरती फिरवायची चकती. ती चकती हवी तेवढीच उघडायची, म्हणजे धूर आत कोंडून राहील आणि माशांना चांगला लागेल, असा दादांचा हिशेब. आणि मग त्यांनी ते केलं, जे दुसऱ्या कोणी केलं नसतं. चकती बंद केली, ड्रमला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, पंपाने आत हवा भरली आणि मला सांगितलं, "साबनाचं पानी आन."

मी बादलीत फेस करून आणला. दादांनी ब्रश घेतला आणि पेटीच्या प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक बिजागरीपाशी, झाकणाच्या सगळ्या कडेने पाणी फासलं. मग गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत राहिले. ऊन होतं. पाण्याचे ओघळ खाली आले आणि वाळले. एकही बुडबुडा आला नाही.

"पास," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा इतका निवांत मी पूर्वी पाहिला नव्हता. आता आईपर्यंत धुराची एक रेघसुद्धा जाणार नव्हती. त्यांनी ती टाकी आयुष्यातल्या सगळ्या टाक्यांहून जास्त मनापासून बंद केली होती.

रविवारी मामाने एसटीने थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून मासे पाठवले. थोडी वाम आणि बाकी बारीक मासे. मी ते साफ करून मीठ-हळद लावली आणि मांडणीच्या जाळ्यांवर मांडले. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला होता. दादांनी तो बाहेर पेटवून लाल केला, भोकांच्या ड्रममध्ये ओतला, वर आंब्याच्या लाकडाच्या ढलप्या टाकल्या, जाळ्या चढवल्या आणि झाकण दाबून बंद केलं. आईला पुढच्या खोलीत बसवलं होतं. चिमणीतून पांढऱ्या धुराची एक बारीक वळी निघाली, आणि मग तीही थांबली.

आम्ही वाट पाहत बसलो. दादा मधून मधून पेटीला हात लावत होते. आधी हात चटकन मागे घ्यायचे. मग जरा वेळ ठेवता येऊ लागला. मग हात तसाच राहिला आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. पेटी थंड होत होती.

त्यांनी झाकण उघडलं.

आत कोंडलेला सगळा धूर एकदम वर उसळला, पिवळट, दाट, डोळ्यांत सुया टोचाव्या तसा. त्याच वेळी हवा लागून विझत आलेले निखारे पुन्हा फुलले आणि त्या ढलप्यांनी आणखी धूर सोडला. वारा घराकडे होता. स्वयंपाकघराचं दार मीच मघाशी पाणी आणायला उघडलं होतं. धूर त्यातून आत शिरला आणि पुढच्या खोलीतून आईचा खोकला ऐकू आला.

पुढचा तास मी लिहीत नाही. वाफेचं यंत्र लावलं, तिची पाठ चोळली, काका रिक्षा आणायला धावले, पण रिक्षाची गरज पडली नाही. हळूहळू तिचा श्वास ताळ्यावर आला. दादा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांच्या हातात ब्रश होता, साबणाचा. तो त्यांनी कधी उचलला हे त्यांनाही कळलं नसावं.

मासे मी फेकून दिले. वरून त्यांच्यावर डांबरासारखा चिकट काळा थर होता आणि आतून ते कच्चे होते.

दादांनी पेटीवर ताडपत्री टाकून दोरी बांधली. दोन दिवस ते मागच्या बाजूला फिरकले नाहीत. आई पुन्हा ताटात तुकडे मोडून ठेवू लागली. मला वाटत होतं, आता हा विषय काढायचा नाही. विषय आईनेच काढला.

"पेटी का झाकली?" तिने दादांना विचारलं.

"मोडून टाकनार हाय. भंगारात देतो."

"का? येवढी केली आन?"

"तुजा जीव घेतला असता तिनं." दादा खिडकीबाहेर बघत होते. "येक फट ठिवली न्हवती मी. येक फट न्हाई. तरी कसं झालं म्हनतो मी."

 आईला एका दमात फार बोलता यायचं नाही. ती तुकड्यातुकड्याने म्हणाली, "आमच्या घराला चिमनीच न्हवती. पर कौलातून निघायचा. कुडातून निघायचा. दारातून निघायचा. भायेरनं बघितलं तर सबंद घर धुमसतंय आसं दिसायचं."

"म्हंजे घरच गळकं हुतं," दादा म्हणाले.

"व्हय. म्हनून तर जगलो त्यात."

दादा तिच्याकडे वळून बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी काही शास्त्र शिकलेली नाही, पण विस्तव पेटवताना त्याला खालून वारा घालतात एवढं कोणालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं, त्यांनाही. आम्ही दोघंही पेटी करताना विस्तवाचा विचार करत नव्हतो. आम्ही आईचा करत होतो. धूर तिच्यापर्यंत जाऊ नये एवढं एकच डोक्यात होतं, आणि त्यापायी आत विस्तव आहे, त्यालाही श्वास लागतो, हे राहूनच गेलं.

"खाली भोकं पाडली पायजेत," दादा म्हणाले, पण ते जागचे उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री निघाली. दादांनी ड्रिल मशीन जोडलं, बिट बसवलं आणि पेटीच्या बुडाशी उकिडवे बसले. बसूनच राहिले. मशीन सुरू करायचे, पत्र्याजवळ न्यायचे, बंद करायचे. चष्मा काढून पुसायचे. शेजारचे काका कुंपणावर आलेच होते.

"काय झालं? धार येईना का?"

 दादा मला हळूच म्हणाले, "चांगल्या टाकीला आजपर्यंत भोक पाडलं न्हाई गं मी. हात हुईना."

मी खडू घेतला. आतल्या कोळशाच्या ड्रमच्या पातळीखाली, पेटीच्या पत्र्यावर, बोट मावेल एवढ्या अंतराने खुणा करत गेले. "इथं," मी म्हटलं. "मग इथं." खुणा झाल्या की दादांचं काम सोपं होतं, कारण खुणेवर काम करायची त्यांना सवय होती. त्यांनी डोळे बारीक केले आणि मशीन टेकवलं. पत्रा किंचाळला, लोखंडाचे कुरळे कीस खाली पडले आणि भोकातून उजेडाचा एक ठिपका आत पडला. दादा तो ठिपका बघत राहिले. मग दुसरं भोक पाडलं, मग तिसरं. नंतर ते थांबलेच नाहीत. भोकांवर पुढेमागे सरकणारी पट्टी बसवली, हवा कमी-जास्त करायला. वरची चकती काढून टाकली. चिमणीला आणखी पाइप जोडून ती घराच्या छपराच्या वर नेली आणि तारांनी बांधून उभी केली. आता ती खरंच कारखान्यासारखी दिसत होती.

या वेळी मासे आत ठेवले नाहीत. फक्त विस्तव. आईला चार घरं पलीकडे काकूंकडे पाठवलं. दादांनी लाल कोळसा घातला, ढलपी टाकली आणि झाकण लावलं. सुरुवातीला चिमणीतून पांढरा धूर आला, जाड, कापसासारखा.  मग तो पातळ होत गेला. पांढऱ्याचा करडा झाला, करड्याचा निळा, आणि शेवटी इतका पातळ निळा, की आकाशासमोर दिसेचना. चिमणीच्या तोंडावरची हवा थरथरत होती, म्हणून कळायचं की काहीतरी चालू आहे. तो धूर वर जात होता, छपराच्याही वर, आणि तिथून वारा त्याला मोकळ्या रानाकडे नेत होता.

दादा बुडाच्या भोकांपाशी खाली बसले. त्यांनी शर्टाच्या बाहीतून एक सुटा दोरा ओढून काढला आणि एका भोकासमोर धरला. दोरा आत वळला. कोणी बोट लावून ओढावं तसा लोखंडाने तो आत ओढून घेतला होता, आणि तो तसाच, थरथरत, आडवा राहिला.

"ओढतंय," दादा म्हणाले. अगदी हळू, जसं देवळात बोलतात.

मीही वाकून हात धरला. तळव्यावरून थंड हवा सरकत आत जात होती, न थांबता. मला कसं सांगावं ते समजत नाही. तेलाचा ड्रम, धुण्याच्या यंत्राचं पोट, बोअरचा पाइप, आमच्या मांडणीचे तुकडे, यांतलं काहीच एकमेकांचं नव्हतं. प्रत्येक वस्तू कोणीतरी आपल्या घरातून बाहेर टाकलेली होती. आणि आता ती सगळी मिळून श्वास घेत होती. कुठे मोटर नव्हती, पंखा नव्हता. आत विस्तव होता आणि त्याला वाट होती, एवढ्यावरच ते चालू होतं. दादा आणि मी तिथे जमिनीवर किती वेळ बसलो होतो आठवत नाही. काका कुंपणापाशी होते. ते कुंपणाच्या आत आले, खाली बसले आणि त्यांनीही भोकासमोर हात धरून पाहिला.

काकूंच्या घरून आईचा फोन आला. "पेटवली का न्हाई अजून?"

"केव्हाच पेटवली," मी म्हटलं. "वास येतोय का तिकडे?"

"कसला वास? काय येत न्हाई."

दादांनी माझ्या हातातून फोन घेतला. "पुन्ना बघ. नीट बघ. खिडकी उघडून बघ."

"अवो, न्हाई येत म्हनलं ना. आता काय दारात जाऊन हुंगू?"

मग मामाने पुन्हा मासे पाठवले. मी पुन्हा साफ केले. दादांनी सकाळपासून पेटी तापवली, पट्टी सरकवून हवा लावून घेतली आणि निळा धूर लागल्यावरच जाळ्या आत ठेवल्या. दुपार सरेपर्यंत ते पेटीपासून हलले नाहीत. मधे झाकण उघडायचा मोह मला होत होता, पण त्यांनी उघडू दिलं नाही. बाहेरून पत्र्याला हात लावून, भोकांकडे बघून आणि चिमणीवरची हवा पाहून त्यांना आतलं समजत होतं, किंवा ते समजून घेत होते. काढले तेव्हा मासे काळे नव्हते. सोन्यासारखे होते, म्हणजे खरोखरच, तांब्यापितळेच्या मधल्या रंगाचे, आणि त्यांची कातडी कागदासारखी चकाकत होती. त्या रंगाकडे मी बघतच राहिले. हळद-मिठाने आणि न दिसणाऱ्या धुराने असा रंग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

आई काकूंकडून घरी आली. मी तिच्यासाठी अर्धी भाकरी केली होती, कारण हल्ली तिला तेवढीच करायचे, आणि तीसुद्धा उरायची. ताटात एक मासा ठेवला. दादा दाराशी उभे राहिले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

आईने माशाचा वास घेतला. आधी लांबून, सांभाळून, मग जवळून. बोटांनी कातडी सोलली, आतलं पांढरं मांस काट्यावरून सुटं केलं आणि तोंडात घातलं. चावत राहिली. आम्ही दोघंही तिच्या जबड्याकडे बघत होतो.

"आमच्याकडचा आसा नसतो," ती म्हणाली.

दादांचा चेहरा उतरला. "व्हय का," ते म्हणाले.

"त्यो काळाकुट्ट असतोय. कडू असतोय." तिने आणखी एक तुकडा सुटा केला. "मला त्योच आठवत हुता. म्हनलं त्योच मिळंल." तो तुकडाही तिने खाल्ला. "ह्यो येगळाच हाय. ह्यो मी कधी खाल्ला न्हाई."

"मग नगं खाऊ. बळंच नगं," दादा म्हणाले.

"बळं कुठं खातेय? गोड लागतोय मला." तिने भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर मासा ठेवला आणि या वेळी तुकडा ताटात परत गेला नाही. "आवो, पर येवढा गोड धूर आनला कुठून?"

 दादांनी आयुष्यात कोणाकडून असं काही ऐकलं नव्हतं. "कोळसा तर इस्त्रीवाल्याचाच हाय," ते शेवटी म्हणाले.

आई हसली आणि तिला खोकला आला नाही. तिने तो मासा संपवला. काटे ताटाच्या कडेला एकाशेजारी एक नीट लावून ठेवले, जसे ती चांगली होती तेव्हा ठेवायची. मग जाळीवरचा दुसरा मासा बोटाने दाखवला. दादांनी तो स्वतःच्या हाताने तिच्या ताटात ठेवला आणि तेव्हा कुठे ते खाली बसले, तिच्या समोर, मांडी घालून.

"ताई," आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाकरी संपली की."

मी उठले आणि पिठाचा डबा काढला.